चाकांवरच्या घराचे छत

अमेरिकेत ‘मोबाईल होम’ म्हणून ओळखले जाणारे घर नावापुरतेच फिरते असते. कारखान्यात तयार होऊन, पोलादी सांगाड्याच्या चाकांवर ते एकदा जागेवर येते आणि बहुधा तेथेच त्याचे आयुष्य सरते. कारखान्यात घडलेल्या अशा घरांत दोन कोटींच्या आसपास लोक राहतात. त्यांतील अनेकांचे घर स्वतःचे असले, तरी जमीन भाड्याची असते. जुने घर हलवणे खर्चाचे, कित्येकदा अशक्यच. आणि जमिनीची मालकी नसेल तर नेहमीचे गृहकर्जही सहजी मिळत नाही. म्हणूनच पावसानंतर अशा घराच्या छतावर चहाच्या रंगाचे वर्तुळ उमटले, की एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या पोटात गोळा येतो. हे घर गेले तर दुसरे कोठून आणायचे?

छत आणि छप्पर हे दोन शब्द बोलण्यात अनेकदा एकाच अर्थाने येतात. या घरांच्या बाबतीत मात्र त्यांतला फरक ध्यानात ठेवावा लागतो. छप्पर म्हणजे वरचा पातळ पत्रा. छत म्हणजे खोलीतून दिसणारा तक्ता. दोहोंच्या मधल्या अरुंद पोकळीत बारीक लाकडाच्या कैच्या आणि उष्णता रोखणारा फायबरग्लासचा कापूस असतो. डाग छतावर दिसतो, दुखणे छपराला असते. शिवाय पाणी कैचीच्या कडेने किंवा कापसावरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकते. त्यामुळे डागाच्या नेमके वर भोक सापडेलच असे नाही. पत्र्याचे जोड, कडेची पट्टी, न्हाणीघराच्या नळीभोवतीची जागा, जुन्या धुरांड्याचा गळा ही पाहण्याची पहिली ठिकाणे. वर चढताना पाय कैचीच्या रेषेवर, आडव्या प्लायवूडवर पडला पाहिजे. नुसत्या पत्र्यावर पाऊल टाकल्यास दुरुस्तीला एक नवे भोक मिळते.

छत फुगून खाली आले असेल, तर थांबून चालत नाही. ४ बाय ८ फुटांच्या तक्त्यावर एक इंच पाणी साचले, तर त्याचे वजन सुमारे ७५ किलो भरते. त्या भागातील वीज बंद करावी, खाली बादली ठेवावी, बाजूला उभे राहून फुगवट्याला लहानसे छिद्र पाडावे आणि पाणी उतरू द्यावे. तक्ता आपण होऊन कोसळण्यापेक्षा हे बरे.

घर किती जुने, हा प्रश्न हत्यार उचलण्यापूर्वीचा आहे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची बांधकाम-संहिता १५ जून १९७६ पासून लागू झाली. त्याआधीची घरे निरनिराळ्या रीतींनी बांधलेली आढळतात. त्या काळातील खरखरीत, दाणेदार छतात ॲस्बेस्टॉस असू शकतो. असे छत खरवडण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे आवश्यक आहे. एका दुपारच्या घाईपायी ती धूळ फुप्फुसांत ओढून घेण्यात कसलेच शहाणपण नाही.

या छतांची घडणही निराळी आहे. अनेक कारखान्यांत छताचे तक्ते पालथे अंथरून त्यांवर कैच्या चिकटवत आणि तो सारा भाग उचलून भिंतींवर ठेवत. म्हणजे तक्त्याच्या कडा भिंतींच्या माथ्यावर दबलेल्या असतात. पूर्ण तक्ता ओढून काढू म्हटले तर निघत नाही. भिंतीलगत कापावाच लागतो. तक्ताही पातळ असतो, कित्येकदा ५/१६ इंचाचा. दुकानातून अर्धा इंची जिप्समचा ४ बाय ८ फुटांचा तक्ता आणून ठोकण्याचा मोह येथेच नडतो. त्या एका तक्त्याचे वजन २० ते २५ किलो असते आणि जुन्या बारीक कैच्या त्या भाराच्या हिशेबाने केलेल्या नसतात. नवे छत छान दिसते खरे. पण काही वर्षांत कैच्या वाकतात, पत्र्यावर खळगा पडतो, त्यात पाणी साचते आणि गळती परत येते.

म्हणून काम हलक्या हाताने आणि हलक्या सामानाने करायचे. नुसता डाग असेल, तर गळती थांबवून तक्ता पूर्ण सुकल्यावर डाग अडवणारा प्रायमर आधी लावावा. साध्या रंगातून डाग पुन्हा वर येतो. तक्ता झोल खात असला तरी धड असेल, तर दोन लाकडी पट्ट्यांचा इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा टेकू करून तो हळूहळू वर उचलतात आणि रुंद चकतीच्या स्क्रूने कैचीला धरतात. या कामासाठी प्लास्टिकची फुलासारखी बटणेही मिळतात. तक्ता भिजून चुरा झाला असेल, तर तो दोन कैच्यांच्या मध्यरेषेपर्यंत कापून काढावा. ओला कापूस फेकून द्यावा, लाकूड कुजले असल्यास त्याला जोडलाकूड द्यावे आणि मगच हलका तक्ता बसवावा. स्वस्त म्हणून थर्माकोलच्या चौकोनी फरश्या मात्र डोळे झाकून घेऊ नयेत. आगीच्या दृष्टीने त्या कोणत्या प्रतीच्या आहेत, ते आधी वाचावे.

सांध्यांवर कागदी पट्टी व लांबी भरून छत अखंड करण्याचीही अनेकांना हौस असते. ती फार टिकत नाही. हे घर खांबांवर टेकलेले असते. थंडीत जमीन गोठते, उन्हाळ्यात सुकते आणि त्याबरोबर घर किंचित हलते. सांधे फुटतात. कारखान्याने लावलेल्या अरुंद लाकडी पट्ट्या पाहून नाके मुरडली जातात, पण ती हालचाल झाकून घेण्याचे काम त्याच करतात. भेगा वारंवार पडत असतील, तर छताआधी घराची पातळी मोजून घ्यावी.

कधी कधी पत्रा निर्दोष असूनही डाग येतात, तेही हिवाळ्यात. स्वयंपाकाची व अंघोळीची वाफ पोकळीत शिरून थंड पत्र्याखाली घाम धरते आणि तेच पाणी परत खाली उतरते. न्हाणीघराचा पंखा चालू करून त्याची हवा खरोखरच घराबाहेर पडते का, हे पाहावे. जुन्या घरांत त्याची नळी निखळून पोकळीतच उघडी पडलेली अनेकदा सापडते. ती जोडून घेतली, की त्या खोलीपुरते छत कोरडे राहते.