पाऱ्यावर चालणारा रिले

रिलेचे काम सांगायला सोपे आहे. कॉइलमध्ये वीज सोडली की चुंबकत्व तयार होते, लोखंडाची पट्टी ओढली जाते आणि दोन संपर्क एकमेकांना टेकतात. अडचण टेकण्यात आहे. घन धातू घन धातूवर आदळला की क्षणभर उडतो, पुन्हा टेकतो, पुन्हा उडतो. काही मिलिसेकंदांच्या या थरथरीत प्रवाह अनेकदा जोडला-तुटला जातो. ठिणग्या पडतात, पृष्ठभागाला खड्डे पडतात आणि एखाद्या दिवशी संपर्क चिकटून तरी बसतो, नाहीतर लागतच नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असे हजारो रिले अहोरात्र चालत. म्हणून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेला या प्रश्नात रस होता. तिथल्या वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये संपर्काच्या पट्ट्या काचेच्या बंद नळीत घातल्या. धूळ आणि दमट हवा बाहेर राहिली, पण थरथर आणि झीज आतच होती. पुढच्या दशकात त्याच प्रयोगशाळेतले जे. टी. एल. ब्राउन आणि सी. ई. पोलार्ड यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी संपर्काचा पृष्ठभागच द्रव केला.

नळी उभी ठेवायची. तळाशी थोडासा पारा. निकेल-लोखंडाच्या हलत्या पट्टीचे खालचे टोक त्यात बुडालेले. पट्टीवरच्या बारीक खाचांमधून केशाकर्षणाने पारा वर चढतो आणि संपर्काच्या टोकावर त्याचा पातळ थर कायम राहतो. पट्टी हलून स्थिर संपर्काला टेकते तेव्हा पाऱ्याला पारा भेटतो. आतला घन धातू किंचित उडाला तरी मधला पाऱ्याचा पूल तुटत नाही, त्यामुळे बाहेरच्या मंडलाला थरथर जाणवतच नाही. ठिणगीने थोडा पारा उडाला तर खालून नवा येतो. झिजलेला पृष्ठभाग दर खेपेला स्वतःच नवा होतो. चांगल्या वापरात असे रिले अब्जावधी वेळा चालले आहेत.

मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती संपर्क सुटतानाची. पट्टी मागे सरते तसा पाऱ्याचा धागा ताणला जातो आणि तो एका ठिकाणी नव्हे, तर दोन ठिकाणी तुटतो. मधला तुकडा खाली पडून साठ्यात मिसळतो. फट त्यामुळे एकदम रुंद होते आणि प्रवाह चटकन तुटतो. चुंबकाचे गणित कुठल्याही रिलेसाठी करावे लागते. इथे खरे डिझाइन पृष्ठताणाचे आहे. पारा कमी पडला तर संपर्क कोरडा होतो, जास्त झाला तर पूल सुटतच नाही.

धातूंची निवडही पाऱ्यावरच ठरते. सोने आणि चांदी उत्तम वाहक, पण पाऱ्यात विरघळतात. लोखंड विरघळत नाही, पण त्यावर पारा पसरतही नाही. भिजेल आणि तरी टिकेल असा धातू हवा, म्हणून संपर्काच्या टोकाला प्लॅटिनम येते.

नळीत हवेऐवजी जास्त दाबाचा हायड्रोजन भरतात. तो पाऱ्याला ऑक्साइडपासून वाचवतो, उष्णता वाहून नेतो आणि थोड्याशा फटीतही मोठा व्होल्टेज रोखून धरतो. या शेवटच्या गुणाचा फायदा मोजमापाच्या उपकरणांना झाला. संपर्क अगदी जवळ येईपर्यंत वीज उडी मारत नाही आणि मारते तेव्हा कमालीच्या वेगाने. टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या १०९ या पल्स जनरेटरमध्ये पाऱ्याच्या रिलेने भारित केबल रिकामी केली जाई आणि स्पंद पाव नॅनोसेकंदात पूर्ण उंची गाठे. केबल एक मीटर लांब असेल तर साधारण दहा नॅनोसेकंदांचा स्पंद मिळतो. वेगवान ऑसिलोस्कोप तपासायला आणि अणुभौतिकीतले मापक जुळवायला असे स्पंद वापरले गेले.

मर्यादाही पाऱ्याच्याच. बहुतेक नमुने उभ्या रेषेपासून ३० अंशांहून जास्त कलवता येत नाहीत. उणे ३९ अंश सेल्सिअसजवळ पारा गोठतो. थॅलियम मिसळले तर ही मर्यादा उणे ५८च्या आसपास जाते, पण थॅलियमही विषारीच.

जपानमधल्या मिनामाताच्या कोळ्यांनी पाऱ्याच्या विषाची जबर किंमत मोजली. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. २०२० नंतर पाऱ्याचे स्विच आणि रिले बनवण्यावर त्याने बंदी घातली. सुरुवातीला सवलत राहिली ती नेमक्या मापनाच्या आणि रेडिओ-वारंवारतेच्या मोजक्या उपकरणांना, तीही प्रत्येकी २० मिलिग्रॅम पाऱ्यापर्यंत. हे यंत्र मला कितीही प्रिय असले तरी ही बंदी योग्य आहे. फुटलेली नळी शेवटी कचऱ्यात आणि तिथून पाण्यात जाते.

आज असा स्विच घडवणाऱ्याची नजर गॅलियम, इंडियम आणि कथील यांच्या द्रव मिश्रधातूकडे जाते. विषाची भीती बरीच कमी होते, पण ऑक्सिजनचा अंश मिळताच त्यावर ऑक्साइडची साय धरते. मग धागा स्वच्छ तुटत नाही, शेपटी ओढत राहतो आणि काचेलाही चिकटतो. पाऱ्याला वाचवणारा हायड्रोजन साध्या तापमानाला ही साय काढू शकत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ काढते, पण तीच वाफ आतले लोखंड खाते. ॲल्युमिनियम तर गॅलियममुळे ठिसूळ होऊन चुरते, म्हणून टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमचा विचार करावा लागतो. धातू, वायू आणि द्रव या तिघांचा मेळ ब्राउन आणि पोलार्ड यांना जसा जुळवावा लागला, तसा तो गॅलियमसाठी पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागणार आहे.