आकाशातला स्थिर साक्षीदार

रात्री निजानीज झाल्यावर रेडिओ सिलोन लावून बसणाऱ्या पिढीला एक गोष्ट चांगली ठाऊक आहे : गाणे रंगात यावे, आणि नेमका तेव्हाच आवाज बुडावा! त्या लघुलहरींना पृथ्वीकडे परतवणारा आणि मधूनच त्यांच्याशी लपंडाव खेळणारा जो थर, त्याचे नाव आयनांबर. सुमारे ६० ते १,००० किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत सूर्याचे प्रखर किरण अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यांचाच हा थर. १९२४ साली ॲपल्टन यांनी त्याचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले.

रेडिओचा हा सोबती वाटाड्या उपग्रहांना मात्र जाचक ठरतो. त्यांचे संदेश आयनांबर ओलांडून खाली येतात खरे, पण वाटेत किंचित रखडतात. संदेशाला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचे, हा तर या विद्येचा पाया. सेकंदाच्या कोट्यंशाहूनही कमी उशीर झाला, तरी हिशेब दहा-दहा मीटरांनी चुकतो. घर शोधणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. धुक्यात धावपट्टी शोधणाऱ्या वैमानिकाचे बिघडते.

शास्त्रज्ञांनी ही अडचणच कामाला जुंपली. कंपनसंख्या जितकी कमी, तितका उशीर अधिक. आपल्या ‘नाविक’ मालेतील उपग्रहांच्या दोन लहरी घ्या : एक ११७६.४५ मेगाहर्ट्‌झची, दुसरी २४९२.०२८ची. पहिली दुसरीच्या साडेचारपट रखडते. दोघी निघाल्या एकदम. मग पोहोचण्यातला फरक मोजला, की वाटेत इलेक्ट्रॉनांची गर्दी किती होती ते उमगते.

येथेच भूस्थिर उपग्रहाचे मोल कळते. फिरत्या उपग्रहाकडून सकाळी एक आकडा आला नि दुपारी दुसरा, तर बदलले काय, वेळ की जागा? विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो जागचा हललेला दिसत नाही. त्याचा संदेश रात्रंदिवस आयनांबराच्या एकाच तुकड्यातून येतो. १९७५-७६ साली आपल्या खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवणाऱ्या एटीएस-६ उपग्रहाच्या संदेशांवरूनही असा अभ्यास झाला होता.

भारताला या अभ्यासाची गरज अंमळ अधिकच. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथील इलेक्ट्रॉन दिवसा वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून दोन्हीकडे ओघळतात. उत्तरेकडची त्यांची रास पडते ती अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. आपला महाराष्ट्र त्या राशीच्या उतरणीवर. सूर्यास्तानंतर कधी कधी या थरात विरळ बुडबुडे उठतात आणि उपग्रहांचे संदेश चांदण्यांसारखे लुकलुकू लागतात.

म्हणूनच परदेशी गणित जसेच्या तसे येथे चालेना. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही व्यवस्था उभारताना देशभर १५ संदर्भकेंद्रे बसवली. त्यांची जागा आधीच अचूक माहीत असल्याने चूक किती ते कळते, आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत विमानापर्यंत पोहोचते. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे एक विमान ‘गगन’च्या आधारे चाचणीदाखल उतरले.

रेडिओचा आवाज बुडाला, की आपण चरफडत कळ फिरवीत असू. त्याच खोडकर थराची दिनचर्या कोणीतरी नेटाने टिपून ठेवली, म्हणून ते विमान धावपट्टीवर अलगद टेकले!