कोकणकड्यावरचं कंकण

कोकणकड्याच्या काठाशी उभं राहायचं नसतं. पालथं पडून, कोपरांवर सरकत पुढं जायचं असतं. पाचनईहून पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात आम्हाला वर घेऊन आलेले दादा काठ दहा-बारा पावलांवर राहिला तसे थांबले. "आता आडवं व्हा," म्हणाले, "हितं वाऱ्याचा भरवसा नाय." कातळ दवानं ओला होता आणि त्याच्या भेगाभेगांतून सोनकीची पिवळी फुलं वर आली होती. हनुवटी दगडाच्या धारेवर टेकली आणि मी खाली बघितलं. कोकण नव्हतंच. पायथ्याचं बेलपाडा, तिथली भातखाचरं, काळू नदीचं खोरं, सगळं धुक्याखाली गेलं होतं. ताकासारखं पांढरं ते धुकं कड्याच्या ओठाच्या जरासं खाली, काठोकाठ भरून थांबलं होतं.

थोड्या वेळानं पाठीमागं ऊन आलं. दादांनी दाखवलेल्या रुंद जागेवर, काठापासून चार हात मागं, आम्ही उठून उभे राहिलो आणि समोरच्या धुक्यावर तीन माणसांच्या लांबोळ्या सावल्या पडल्या. त्यातल्या एका सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं पुरतं गोल कंकण होतं. आत निळसर, मग हिरवट पिवळं, कडेला लाल, आणि त्याच्याही बाहेर तसंच आणखी एक, फिकट. सावलीनं हात वर केला तेव्हा कळलं की ती माझी आहे, कारण हात मी वर केला होता.

याला हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र म्हणतात. मला ते तिसऱ्या खेपेला दिसलं.

याच काठावर, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी, विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी घोडा घेऊन उभा होता. दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम मुंबई सरकारनं त्याच्याकडे दिलं होतं, आणि हा माणूस इतका चौकस की पिकांपासून पाखरांपर्यंत त्यानं काही सोडलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ साली त्याचा दख्खनच्या हवामानावरचा मोठा निबंध छापून आला. वायुभाराच्या नोंदींच्या त्या रुक्ष रानात मध्येच हरिश्चंद्रगडावरची ती सकाळ भेटते. कोकणातून चढलेलं धुकं कड्याशी येऊन थबकलेलं, पाठीशी अगदी खाली असलेला सूर्य, आणि समोर पूर्ण वर्तुळ. अर्धं पायांच्या पातळीच्या वर, अर्धं खाली. वर्तुळाच्या मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, चौकटीत बसवलेल्या चित्रासारखी. वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त नसावा, असा अंदाजही त्यानं मांडला. पण मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट त्याच्या माणसांची आहे. या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे त्यांना पटेना. म्हणून ती हातपाय हलवून, अंग वेडंवाकडं करून बघत राहिली, समोरची माणसं तसंच करतात का ते. त्यांची नावं साइक्सनं लिहिली नाहीत. मी हात वर केला तेव्हा मला तीच आठवली.

पहिल्या खेपेला धुकं काठ ओलांडून वर आलं होतं आणि आम्ही त्यातच बुडालो. शेजारचा माणूस दिसेना. दुसऱ्या खेपेला आभाळ इतकं लख्ख की थेट बेलपाड्याच्या घरांची कौलं मोजावीत. दोन्ही वेळा वाईट वाटलं, पण आज वाटतं की त्या दोन फसलेल्या सकाळींमुळेच ही गोष्ट मला नीट कळली. हे कंकण जुळून यायला धुकं हवं पण माणसाच्या खाली हवं, सूर्य हवा पण पाठीमागं आणि खाली कललेला हवा, आणि दोघांच्या मध्ये उभं राहायला एक उंच, सरळ तुटलेला काठ हवा. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे वेळ सकाळचीच. या सगळ्यात जमवाजमवीला सर्वांत जास्त वेळ लागला तो काठाला.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले त्या सुमारास, इथं जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडत होता. शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उसळणारा नव्हे. लांबच लांब भेगांतून, पुराच्या पाण्यासारखा पसरत जाणारा. एक थर निवायचा, त्यावर काळ लोटायचा, माती धरायची, मग पुढचा थर. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो, ती दोन उद्रेकांमधल्या उसंतीत तयार झालेली आणि वरच्या लाव्ह्यानं भाजलेली माती. असे थरावर थर चढून दख्खनचं पठार झालं. झिजूनही ते आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर उरलं आहे. भूशास्त्रात त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि यातला ट्रॅप हा स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला. सह्याद्रीकडे लांबून पाहिलं की तो जिना दिसतोच: कठीण थराचा उभा कडा, ठिसूळ थराचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

मग पश्चिमेकडची जमीन तुटली. आज सेशेल्स बेटं म्हणून हिंदी महासागरात जी आहेत, ती भारतापासून फुटून दूर गेली. त्या तुटलेल्या बाजूनं नद्या-नाल्यांनी आणि पावसानं पठाराचा काठ कुरतडायला घेतला, आणि तो काठ कोट्यवधी वर्षं पूर्वेकडे सरकत सरकत इथवर आला आहे. कोकणकडा म्हणजे त्या कुरतडण्याची आजची रेघ. बेलपाड्यापासून माथा सुमारे एक किलोमीटर उंच, आणि त्यातला वरचा शेकडो मीटरचा भाग सरळ उभाही नाही, आत वळलेला आहे. नागानं फणा काढावा तशी वरची कड पुढं झुकलेली आणि पोट आत गेलेलं. वरून बघितलं तर आकार अर्धचंद्राचा, एखादी प्रचंड वाटी मधोमध चिरून अर्धी ठेवावी तसा.

कड्याच्या या ओठावर पडलेल्या पावसाच्या थेंबाचं नशीब बोटभर अंतरानं बदलतं. पुढं घसरला तर काळू नदीतून तो थोडक्यात अरबी समुद्राला मिळतो. मागं वळला तर मुळेत जातो, तिथून प्रवरेत, तिथून गोदावरीत, आणि सगळं दख्खन ओलांडून थेट बंगालच्या उपसागरात.

त्या अर्ध्या वाटीत वारा शिरतो आणि त्याला पुढं जायला जागा नसते. तो वर चढतो. पावसाळ्यात त्याचा जोर इतका की कड्यावरून खाली उडी घेणारं पाणी मध्येच उचललं जाऊन परत माथ्यावर उडतं; तोंडावर येणारा तुषार पावसाचा आहे की ओढ्याचा, कळत नाही. हलकी वस्तू खाली टाकली तर तीही परत येते. लोक ते करून बघतात, आणि मग काठावर प्लास्टिकचे कागद अडकलेले दिसतात. पाण्याचा खेळ पुरेसा आहे. दुसरं काही टाकायची खरोखर गरज नाही.

भाद्रपद सरता सरता वारा पडतो. आभाळ रात्री निरभ्र असतं, खाली कोकणातली जमीन मात्र पावसानं गच्च भिजलेली. ती रात्रभर निवते, तिच्यालगतची ओली हवाही निवते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. वरची हवा तुलनेनं उबदार असेल तर ती झाकणासारखी बसते, धुकं तिच्याखाली अडून राहतं. झाकण काठाच्या वर असलं की आमची पहिली खेप, काठाच्या जरा खाली असलं की तिसरी.

आता थेंब. इंद्रवज्राला सर्रास गोल इंद्रधनुष्य म्हणतात, पण ही दोन वेगळी माणसं आहेत, नात्यातली असली तरी. इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबातून होतं. किरण थेंबात शिरतो, आतल्या भिंतीवर एकदा आपटतो आणि सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून साधारण ४२ अंशांवर बाहेर येतो, म्हणून त्याची कमान एवढी थोरली. इंद्रवज्राचं कंकण त्या मानानं फार लहान, काही अंशांचं. ते धुक्याच्या थेंबातून होतं, आणि धुक्याचा थेंब केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. एवढ्या बारीक थेंबाशी प्रकाश किरणासारखा वागत नाही, लाटेसारखा वागतो. ज्या दिशेनं आला जवळजवळ त्याच दिशेनं तो परत फिरतो, आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून कुठं एक रंग उजळतात, कुठं दुसरा विझवतात. थेंब जितके बारीक तितकं कंकण मोठं. सगळे थेंब एका मापाचे असले की रंग ठसठशीत.

पण पाण्याच्या थेंबातून प्रकाश इतका सरळ मागं कसा वळतो, याचा हिशोब बराच काळ जुळत नव्हता. नेहमीच्या नियमांनी किरण वळवला तर तो १४-१५ अंशांनी कमी पडतो. उरलेलं अंतर प्रकाश थेंबाच्या पृष्ठभागाला बिलगून कापतो, असं १९४७ साली हॉलंडच्या व्हान द हुल्स्टनं सुचवलं. पुढं ब्राझीलचे नुसेन्झ्वाइग यांनी गणितानं दाखवलं त्यानं तर मी चक्रावून गेलो: जो प्रकाश थेंबाला लागलेलाच नाही, काठाशेजारून निसटून चालला आहे, त्यातला काही थेंबात ओढला जातो, आणि कंकण उजळण्यात मोठा वाटा त्याचा असतो. न लागलेल्या प्रकाशाचं ते वलय मी डोळ्यांनी बघत होतो.

स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा एक तरुण वेधशाळेच्या कामाला आला होता. तिथं ढगांवर पडलेली अशीच वलयं त्यानं पाहिली आणि त्याला ती इतकी लागली की घरी परतून त्यानं काचेच्या भांड्यात ढग तयार करायला घेतले. त्यातून निघालं क्लाउड चेंबर, ज्यात अणूहून लहान कण जाताना मागं थेंबांची रेघ सोडतात. विल्सनला त्यासाठी १९२७ चं नोबेल मिळालं आणि १९३२ साली त्याच पद्धतीच्या यंत्रात पॉझिट्रॉन पहिल्यांदा दिसला. चीनमध्ये एमेई पर्वतावर हेच कंकण शतकानुशतकं बुद्धाचा प्रकाश म्हणून पूजलं गेलं. विमानात सूर्याच्या उलट बाजूची खिडकी मिळाली तर खालच्या ढगावर विमानाच्या सावलीभोवती ते आजही दिसतं. मुंबईहून उडताना एकदा जरूर बघा.

वलयाविना परतलेल्या त्या दोन खेपाही काही रित्या गेल्या नाहीत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात रितं परतणं अवघडच. एकदा केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातली. पाणी असं गार की अर्ध्या फेरीत पायांची जाणीव गेली. पिंडीभोवती चार खांब होते, एकच शाबूत आहे. गावची मंडळी त्यांना चार युगं म्हणतात. दुसऱ्या खेपेला वाटेवर कारवी फुललेली सापडली. सात वर्षं ती नुसती पानांवर जगते, मग सगळा डोंगर एकदम जांभळा करते आणि बी धरून वाळते. ज्या घरात आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, त्याचा कूडही कारवीच्याच काठ्यांचा, शेणमातीनं लिंपलेला. सांदण दरी आणि १६४६ मीटरची कळसूबाई याच मुलखातली. मृगाच्या आधी भंडारदऱ्याकडची झाडं काजव्यांनी लखलखतात ती मी अजून पाहायची आहेत.

त्या सकाळी आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि वाद लागला. मित्र म्हणे कंकण त्याच्या डोक्याभोवती आहे. दादा म्हणाले, "छ्या, माझ्या." दोघं बरोबर होते. वलयाचं केंद्र म्हणजे सूर्यापासून बघणाऱ्याच्या डोळ्यांतून पुढं ओढलेली सरळ रेघ जिथं धुक्यात शिरते तो बिंदू. डोळे बदलले की रेघ बदलली. शेजारच्याची सावली मला दिसते, त्याचं कंकण दिसत नाही. दादा लहानपणापासून हे बघत आलेले. मी हे सांगितल्यावर त्यांनी माझ्या सावलीकडे रोखून पाहिलं, मग स्वतःच्या, आणि पुन्हा माझ्या. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "माझ्या डोक्यावरचं काढा बरं." मी काढला. फोटोत कंकण फोन धरलेल्या माझ्या मुठीभोवती आलं. आता फोन त्यांनी घेतला, आणि त्यांच्या मुठीभोवती आलं.

ऊन चढलं तसं धुकं खाली बसत गेलं. आधी कंकणाचा बाहेरचा पदर गेला, मग लाल. सावल्या आखूड होऊन कड्याच्या पोटाकडे ओढल्या गेल्या. विरळ झालेल्या पांढऱ्यातून हिरवं दिसू लागलं, एक खाचर, मग दुसरं, आणि बेलपाड्यातल्या कुठल्याशा चुलीचा धूर.