मुखपृष्ठ म्हणजे नक्की कोणतं पान?

प्रयोगशाळेची किंवा विभागाची वेबसाइट सांभाळायचं काम बरेचदा नव्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. पीएचडीला लागलात की तुमच्याकडेही येऊ शकेल. साइट वर्डप्रेसवर असेल, तर एक अडचण कधी ना कधी भेटेल: मुखपृष्ठासाठी वेगळा मेनू हवा आहे, थीममध्ये तशी अट लिहिली आहे, पण मेनू मुखपृष्ठावर दिसत नाही आणि ब्लॉगच्या पानावर मात्र दिसतो.

अशा वेळी इंटरनेटवर सापडलेले कोडचे तुकडे एकेक करून चिकटवत गेलं की एखादा चालतो. पण तो का चालला हे कळत नाही. पुढे कुणी सेटिंग बदललं की तोच मेनू परत बिघडतो. म्हणून इथे उत्तराआधी उत्तरापर्यंत जायची पद्धत बघू.

पहिला प्रश्न: तुमची अट नेमकं काय विचारते? वर्डप्रेसमध्ये या कामाची दोन फंक्शन्स आहेत, इज_होम() आणि इज_फ्रंट_पेज(). (कोडमध्ये ही नावं अर्थातच रोमन लिपीत लिहायची.) वाचताना दोन्ही एकच वाटतात, पण तसं नाही. इज_फ्रंट_पेज() विचारतं, 'साइटचा मूळ पत्ता उघडल्यावर येणारं पान ते हेच का?' इज_होम() विचारतं, 'लेखांची मुख्य यादी दाखवणारं पान ते हेच का?'

हा घोळ जुना आहे. सुरुवातीला वर्डप्रेस ब्लॉगसाठीच होतं, मूळ पत्त्यावर लेखांचीच यादी असायची, त्यामुळे दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. 2007 मध्ये 2.1 या आवृत्तीत एखादं स्थिर पान मुखपृष्ठ म्हणून ठेवायची सोय आली आणि उत्तरं वेगळी झाली. 2008 च्या 2.5 आवृत्तीत इज_फ्रंट_पेज() आलं, पण जुन्या फंक्शनचं नाव 'होम'च राहिलं.

आता सेटिंग्जमधल्या 'रीडिंग' या भागात मुखपृष्ठावर काय निवडलंय ते बघा आणि कोडला हात लावण्याआधी अपेक्षित उत्तरं कागदावर लिहा:

- मुखपृष्ठावर ताजे लेख असतील, तर तिथे दोन्ही खरं.
- मुखपृष्ठावर स्थिर पान असेल, तर तिथे इज_फ्रंट_पेज() खरं, इज_होम() खोटं.
- त्याच सेटिंगमध्ये लेखांसाठी निवडलेल्या पानावर बरोबर उलट.
- 'आमच्याविषयी'सारख्या इतर पानांवर दोन्ही खोटं.

मग साइटच्या चाचणी प्रतीवर, थीमच्या फूटर फाइलमध्ये दोन्ही फंक्शन्सची उत्तरं व्हार_डंप() वापरून छापा. मुखपृष्ठ, ब्लॉगचं पान आणि एखादं साधं पान अशी तिन्ही उघडून निकाल कागदावरच्या उत्तरांशी ताडून बघा. बिघाड कुठे आहे हे त्याच्या आकृतीवरूनच कळू लागतं.

मेनू नेमका अदलाबदल होऊन दिसतोय, म्हणजे मुखपृष्ठावर नाही पण ब्लॉगवर आहे, तर प्रश्नच चुकीचा विचारलाय. इज_होम() च्या जागी इज_फ्रंट_पेज() घाला. सेटिंग कोणतंही असलं तरी मुखपृष्ठासाठी हेच फंक्शन लागू पडतं.

फूटरमध्ये 'खरं' छापलं जातंय, पण फंक्शन्स फाइलमधली अट कुठल्याच पानावर लागत नाही? मग प्रश्न बरोबर आहे, विचारायची वेळ चुकली आहे. फंक्शन्स फाइल लोड होते तेव्हा कोणतं पान मागितलंय हे वर्डप्रेसने अजून ठरवलेलं नसतं, म्हणून तिथे थेट लिहिलेल्या अटीला नेहमी 'खोटं' हेच उत्तर मिळतं. ती अट टेम्प्लेटमध्ये न्या किंवा 'टेम्प्लेट_रिडायरेक्ट'सारख्या नंतर चालणाऱ्या हुकला जोडा.

मेनू सगळ्याच पानांवर दिसतोय? फंक्शनच्या नावापुढचे कंस राहिलेत का बघा. पीएचपी 8 च्या आधीच्या आवृत्त्या असं सुटं नाव साधी अक्षरमाला समजून पुढे जायच्या, आणि रिकामी नसलेली अक्षरमाला अटीत 'खरी' ठरते. पीएचपी 8 मध्ये मात्र तिथेच एरर येऊन काम थांबतं. तुलनेसाठी दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच पडलं असेल, तरी अट फसते.

आणि छापलेली उत्तरं पानावर दिसतच नसतील? तर बहुतेक वेळा तुम्ही कॅशमधली जुनी प्रत बघताय, किंवा बदल भलत्याच फाइलमध्ये केलाय. कॅश रिकामी करा, लॉग-आउट होऊन पुन्हा बघा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. दोन बदल एकदम केले आणि मेनू दिसू लागला, तर श्रेय कुणाला द्यायचं?

संशोधनात हे का महत्त्वाचं? कारण विदेचं विश्लेषण करतानाही आपण अशाच अटी लिहितो. समजा, पावसाच्या नोंदींच्या तक्त्यात काही रकाने रिकामे आहेत आणि काहींत शून्य आहे. 'पाऊस पडला नाही' आणि 'त्या दिवशी नोंदच घेतली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्या अटीने दोन्ही एकाच गटात टाकल्या, तर प्रोग्राम कुरकुर न करता चालेल, आलेखही सुबक येईल, फक्त सरासरी चुकलेली असेल. मेनू गायब झाला तर निदान डोळ्यांना दिसतं, सरासरीचं तसं होत नाही.

म्हणून कुठलीही अट लिहिताना तिच्या शेजारी एक ओळ साध्या मराठीत लिहा: ही अट काय विचारते, आणि उत्तर 'हो' कधी यायला हवं. मग ज्या नोंदींचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे अशा तीन-चार नोंदींवर ती चालवून बघा. उत्तरं जुळली, की मगच सगळी विदा तिच्या हवाली करा.