पोस्टकार्डांत जपलेला लिथुआनिया

बाल्टिक समुद्राच्या काठावरील लिथुआनिया हा देश आकाराने लहान असला, तरी विसाव्या शतकात त्याने रशियन झार, जर्मन लष्कर, स्वतंत्र प्रजासत्ताक, सोव्हिएत राजवट, नाझी फौजा, पुन्हा सोव्हिएत राजवट आणि १९९० पासून पुन्हा स्वातंत्र्य अशी अनेक स्थित्यंतरे अनुभवली. या साऱ्या उलथापालथीचा एक साधा, पण बोलका पुरावा तेथील संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे. हा पुरावा म्हणजे जुनी सचित्र पोस्टकार्डे.

राजधानी व्हिल्नियसमधील राष्ट्रीय संग्रहालयाची परंपरा १८५५ मध्ये स्थापन झालेल्या पुरातन वस्तू संग्रहालयापर्यंत मागे जाते. तेथील छायाचित्रांच्या जोडीला ही कार्डेही आहेत. पोस्टकार्डाचा जन्म १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत झाला आणि १८७२ मध्ये ते रशियन साम्राज्यात आले. लिथुआनिया तेव्हा या साम्राज्याचाच भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खासगी प्रकाशकांना सचित्र कार्डे छापण्याची मुभा मिळाली आणि शहरांचे चौक, चर्च, पूल, बाजार घरोघरी पोहोचू लागले.

शहर एक, नावे अनेक

या कार्डांवरील चित्रापेक्षाही त्याखालची एक ओळ अभ्यासकांना अधिक सांगून जाते. १८६३च्या उठावानंतर झारच्या प्रशासनाने लिथुआनियन भाषेतील मजकूर रोमन लिपीत छापण्यावर बंदी घातली. ही बंदी १९०४ पर्यंत टिकली. या काळात शेजारच्या पूर्व प्रशियात छापलेली लिथुआनियन पुस्तके लोक जिवावर उदार होऊन सीमेपलीकडून चोरून आणत. साहजिकच, साम्राज्यात छापलेल्या त्या काळच्या कार्डांवर देशाची स्वतःची भाषा दिसत नाही. शहराचे नाव रशियन लिपीत ‘व्हिल्ना’ असे येते.

१९१५ मध्ये जर्मन सैन्याने शहर घेतले आणि तेच नाव जर्मन वळणाने छापले जाऊ लागले. सैनिकांनी घरी पाठविलेली लष्करी टपालाची कार्डे याच काळातील. १६ फेब्रुवारी १९१८ रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. परंतु १९२० मध्ये पोलिश सैन्याने व्हिल्नियस ताब्यात घेतले. पुढील १९ वर्षे तेथील कार्डांवर ‘व्हिल्नो’ हे पोलिश नाव झळकले, तर तात्पुरती राजधानी झालेल्या कौनासच्या कार्डांवर लिथुआनियन ओळी अभिमानाने मिरवू लागल्या. पोलंड आणि लिथुआनिया यांच्यात १९३८ पर्यंत राजनैतिक संबंधही नव्हते.

कार्डाचे वय कसे ठरते?

अनेक कार्डांवर सालाचा उल्लेख नसतो. अशा वेळी तिकीट, टपाल शिक्का, प्रकाशकाचे नाव आणि चित्रातील खुणा कामी येतात. पाठीमागची संपूर्ण बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असेल, तर कार्ड जुन्या पद्धतीचे समजावे. मजकूर आणि पत्ता यांसाठी उभी रेघ मारून दोन भाग करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाली. रशियन साम्राज्यातील दिनदर्शिका त्या शतकात युरोपच्या १३ दिवस मागे होती. त्यामुळे व्हिल्नियसहून बर्लिनला गेलेल्या कार्डावरील दोन शिक्क्यांमधले अंतर प्रवासाच्या दिवसांहून बरेच मोठे भासते. तारीख ठरविताना हा फरक वजा करावा लागतो.

वास्तूही साक्ष देतात. कॅथेड्रलच्या चौकात सम्राज्ञी कॅथरिनचा पुतळा दिसला, तर छायाचित्र १९०४ ते १९१५ या दरम्यानचे. कारण जर्मन सैन्य जवळ येताच रशियनांनी तो हलविला. टेकडीवरील काँक्रीटचे तीन क्रूस १९१६ मध्ये उभे राहिले, १९५० मध्ये सोव्हिएत राजवटीने ते सुरुंगाने उडविले आणि १९८९ मध्ये पुन्हा बांधले गेले. कॅथेड्रलच्या छतावरील तीन संतांचे पुतळेही १९५० मध्ये काढण्यात आले. ते परतले १९९७ मध्ये.

काही गोष्टी मात्र परतल्या नाहीत. व्हिल्नियसचे भव्य ज्यू प्रार्थनामंदिर दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले आणि उरलेले अवशेष पन्नासच्या दशकात सोव्हिएत प्रशासनाने पाडून टाकले. देशातील ९० टक्क्यांहून अधिक ज्यू नाझी राजवटीत मारले गेले. ते प्रार्थनामंदिर, त्याभोवतीच्या अरुंद गल्ल्या, दुकानांच्या पाट्या आणि दारात उभी असलेली माणसे आज पाहायची, तर जुनी छायाचित्रे, चित्रे आणि ही कार्डे हाच आधार आहे.

म्हणूनच या कागदी तुकड्यांची निगा मोलाची ठरते. प्रखर प्रकाशाने शाई उडते, दमटपणामुळे बुरशी धरते. त्यामुळे कार्डे आम्लरहित पाकिटांत, मंद उजेडात ठेवावी लागतात. लिथुआनियातील संग्रहालयांनी आपल्या वस्तूंच्या डिजिटल प्रती सामायिक संकेतस्थळावर खुल्या केल्या असून, त्यांत जुनी पोस्टकार्डेही आहेत. ज्यांचे आजी-आजोबा युद्धात किंवा त्याआधी देश सोडून अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत गेले, त्यांच्या नातवंडांना आता घरबसल्या ती गल्ली शोधता येते. गल्लीचे नाव कोणत्या भाषेत छापले आहे, एवढेच आधी ओळखावे लागते.