मोठा रस्ता बंद, मग गल्लीचे काय?

सोलापूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक 65 वरचे नळदुर्ग हे बोरी नदीकाठचे किल्ल्याचे गाव. तुळजापूर आणि अक्कलकोटकडे जाणारे रस्तेही इथेच फुटतात. पावसाळ्यात नर-मादी धबधबा पाहायला आणि पौष महिन्यात खंडोबाच्या यात्रेला गर्दी लोटते. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम रेंगाळल्याची झळ या पट्ट्याने अनेक वर्षे सोसली आहे. अशा गावात मुख्य रस्ता खोदला, की वाहने आतल्या वस्तीतून वाट काढतात. ज्या गल्लीत काल मुले खेळत होती, तिथून आज उसाचा ट्रॅक्टर आणि मालट्रक जाऊ लागतात.

धोका वाहनांच्या संख्येपेक्षा वेगाने अधिक वाढतो. ताशी 30 किलोमीटर वेगाने येणारी मोटार, चालकाला अडथळा दिसल्यापासून साधारण 13 मीटरमध्ये थांबते. वेग 50 असेल, तर तेवढे अंतर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच संपते. गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही सुमारे 28 मीटर लागतात. म्हणजे 14 मीटरवर मूल आडवे आले, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबेल आणि दुसरी जवळपास पूर्ण वेगाने धडकेल. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 50 चा मार 30 च्या जवळजवळ तिप्पट बसतो. म्हणूनच वस्तीत ताशी 30 ची मर्यादा असावी, असे 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. भरलेला ट्रक थांबायला तर याहून जास्त अंतर घेतो.

लहान मुलांना समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज मोठ्यांइतका येत नाही. उंच केबिनमधल्या चालकाला ट्रकच्या अगदी पुढचे आणि डाव्या बाजूचे मूल दिसतही नाही. ‘नीट बघून जा’ एवढे सांगून भागत नाही, ते यामुळेच. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 जणांचा जीव गेला. त्यात पायी चालणारे सुमारे पाचात एक होते.

दुसरा त्रास धुळीचा. उखडलेल्या रस्त्यावरचा फुफाटा आणि डिझेलचा धूर यांतील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. दमा असलेले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना त्याचा त्रास अधिक. दिवसातून दोन-तीनदा पाणी मारले आणि वाळू-खडीच्या गाड्यांवर ताडपत्री घातली, तरी बराच फरक पडतो. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. रात्रभर हॉर्न वाजत राहिले, तर झोप मोडते आणि रक्तदाबही वाढतो.

उपाय अवघड नाहीत. काम चालू असलेल्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. कामाच्या बऱ्याच आधी सूचनाफलक, वाहने हळूहळू वळवणारा पट्टा, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी रस्ता पूर्ववत होण्याची जागा, असे टप्पे तिच्यात आहेत. वळणमार्ग ठरवताना अवजड वाहनांना वस्तीबाहेरचा रस्ता द्यावा. तो नसेल, तर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी त्यांना बंदी असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार असा आदेश काढता येतो. प्रत्येक वळणावर रात्री चमकणारे बाण हवेत. नुसते दगड आणि काटेरी फांद्या नकोत.

गतिरोधकही मनाने घालू नयेत. प्रमाणित गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. त्यावरून ताशी 25 च्या आसपास वेगाने गाडी सुखरूप जाते. अरुंद, उंच आणि रंग न दिलेला उंचवटा दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल करतो.

रहिवाशांनी काम सुरू होण्याआधीच नगरपरिषद आणि पोलिसांकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वळणमार्गाचा नकाशा, काम संपण्याची तारीख आणि रुग्णवाहिकेची मोकळी वाट. महामार्गावरील मदतीसाठी 1033, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर आणीबाणीत 112 हे क्रमांक दारामागे लिहून ठेवावेत. रस्ता झाला की सोय सगळ्यांचीच होणार आहे. तोवर गल्लीतल्या मुलांनी त्याची किंमत मोजू नये, एवढी काळजी मात्र पहिला खड्डा खणण्याआधीच घ्यायला हवी.