दोन पडदे आणि हरवलेली खिडकी

सोलापूरच्या जेकार्ड चादरीची नक्षी पूर्वी ग्राफच्या कागदावर मांडली जाई. एकेक चौकोन रंगवायचा आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची. आता हे काम संगणकावर करता येते. नक्षी मोठी असली की एक पडदा अपुरा पडतो. मग टेबलावर दुसरा येतो. एकावर नक्षी, दुसऱ्यावर रंगांचा आणि धाग्यांचा हिशेब. सोय मोठी आहे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दुसऱ्या पडद्याचा विचार केला नसेल, तर दिवसभराची मेहनत वाया जाऊ शकते. ती कशी, ते पाहू.

संगणकालाही पडदा ग्राफच्या कागदासारखाच असतो. विंडोजमध्ये मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली आकडे वाढत जातात. दुसरा पडदा डावीकडे मांडला, की त्यावरचे आकडे उणे होतात. ‘उणे म्हणजे चुकीचे’ असे धरून चालणारा प्रोग्रॅम खिडकी भलतीकडेच नेऊन ठेवतो. मॅकिंटॉशवर १९८७ पासून आणि विंडोजवर १९९८ पासून अनेक पडद्यांची सोय आहे; तरी ही चूक अजून भेटते.

खरी अडचण येते ती दुसरा पडदा काढून नेल्यावर. प्रोग्रॅमने खिडकीची जुनी जागा लक्षात ठेवलेली असते. तो खिडकी तिथेच उघडतो आणि तिथे आता पडदाच नसतो! ‘काम जतन करू का?’ हा प्रश्नही तिकडेच विचारला जातो. उत्तर मिळेपर्यंत मुख्य खिडकी हलत नाही. समोरच्या माणसाला वाटते, संगणक अडकला. तो वीज बंद करतो आणि जतन न केलेले सारे काम जाते.

उपाय अवघड नाहीत. खिडकी उघडण्यापूर्वी कोणते पडदे जोडलेले आहेत, हे प्रोग्रॅमने विंडोजला विचारावे. जुनी जागा त्यांपैकी एकावरही नसेल, तर खिडकी मुख्य पडद्यावर आणावी. प्रश्नाची चौकट नेहमी मूळ खिडकीच्याच पडद्यावर उघडावी. दोन पडद्यांची बारकाई वेगळी असेल, तर अक्षरांचा आकारही त्याप्रमाणे बदलावा. विंडोजमध्ये ही सोय २०१३ साली आली.

आणि वापरणाऱ्यांनी? संगणक अडकल्यासारखा वाटला, तर लगेच वीज बंद करू नका. ऑल्ट आणि टॅब या कळा दाबून हरवलेली खिडकी निवडा. मग विंडोजची कळ व शिफ्ट दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबा. बऱ्याचदा खिडकी समोर येते. तेवढ्याने काम वाचते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)